पावणं निघालं की केस मिटली

गॅरेजवर किस्से गोळा करावे लागत नाहीत. ठोकलेली गाडी आली की तिच्याबरोबर एक किस्सा येतोच, आणि बाहेरच्या बाकड्यावर बसलेली म्हातारी माणसं त्याला तिखटमीठ लावतात. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून शिवाजी पेठेतल्या या गॅरेजवर डेंटिंग करतो. बाकड्याचे मुख्य आमचे थोरले चुलते, आण्णा. वडील गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. पेठेत कुठं अपघात झाला की पोलिसांच्या आधी आण्णा हजर. मिटवायला.

*

मिटवायची रीत एकच. जखमी रस्त्यात बसलेला असतो आणि आण्णा गाडीवाल्याला विचारतात, "पावणं, गाव कुठलं?" हातकणंगले म्हटलं की, "हातकणंगल्यात कुणाचं?" असं करत करत साडूच्या मेहुण्यापर्यंत जायचं. नातं लागलं की झालं. "मग आपलंच की. च्या सांगा रं."

एकदा एका रिक्षावाल्याचं डोकं फुटलेलं. त्यालाही चहा दिला. कपाळाचं रक्त कपात पडायला लागलं. आण्णा म्हणाले, "दुसरा कप द्या त्याला."

*

राजारामपुरीत आण्णा आणि मी पार्ट आणायला गेलतो. चौकात गर्दी. मोटारीनं स्कूटीवरच्या पोरीला उडवलेलं. मी मोबाईल काढून गाडी कुठं, स्कूटी कुठं, नंबर काय, सगळ्याचे फोटो घ्यायला लागलो. आण्णांनी हात धरला. "लग्नाचं फोटो काढतुयास व्हय? गाड्या बाजूला घे, ट्राफिक तुंबलंय."

पोलीस आले तेव्हा रस्ता स्वच्छ होता. कोण कुठून आलं ते छातीठोकपणे सांगायला एकटे आण्णा पुढं. आणि अपघात झाला तेव्हा आण्णा दुकानात बेअरिंग बघत होते.

*

माझा मित्र सुऱ्या. जीपनं मागून ठोकलं, मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? सुऱ्यानं तोंड उघडायच्या आत आण्णा म्हणाले, "जिन्यावरनं पडला." का, तर पोलिसांची झंझट नको.

पुढं सुऱ्या भरपाईसाठी वकिलाकडे गेला. वकिलानं दवाखान्याचा कागद वाचला आणि विचारलं, "जीप जिन्यावर चढलेली का?"

सुऱ्या अजून लंगडतो. बाकड्यावरून त्याला हाक येते, "जरा दमानं चाल की."

*

म्हणून आईला मोटारीनं ठोकलं तेव्हा मी आधी दवाखाना गाठला. आण्णा पोचायच्या आत कागदावर लिहून घेतलं, मोटारीची धडक. उजव्या हाताची दोन हाडं मोडलेली. आई ब्लाऊज शिवते, कात्री धरायचा हात तोच. दुपारी प्लास्टर घातलं.

तोवर बाहेर आण्णांना गाडीवाला सापडला, आणि त्याच्यात नातंही सापडलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर मला म्हणाले, "तुझ्या काकीच्या भैणीचं दीर लागत्यात. केस करून आमचं तोंड काळं करतुयास काय?"

"आण्णा, आईचा हात मोडलाय."

"हात काय, सहा आठवड्यात जुळतोय."

बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हात त्यातल्या कुणाचाच मोडला नव्हता.

*

तीन आठवड्यांनी एक्सरे काढला तर हाडं वाकडी बसलेली. ऑपरेशन सांगितलं. वकील म्हणाले, आधी पोलिसांत तक्रार नोंदवा, मग भरपाईचं बोलू. गळ्यात अडकवलेला हात घेऊन आई पोलीस ठाण्यात आली. हवालदारांनी गाडीवाल्याला बोलावून घेतलं. त्याच्याबरोबर आण्णा.

गाडीवाल्यानं खिशातून कागद काढला. आईच्या नावानं लिहिलेलं, चूक माझीच होती, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. तारीख अपघाताच्याच दिवसाची, वेळ संध्याकाळी सहा. खाली आईची सही, एकदम झोकदार.

हवालदार म्हणाले, "बाई, सही दिलीसा की. आता कसली तक्रार?"

आईनं प्लास्टरचा हात उचलून टेबलावर ठेवला. कागदाच्या शेजारीच.

"साहेब, हे त्याच दिवशी दुपारी घातलंय."

हवालदारांनी कागद बघितला, हात बघितला. "मग सही कुणी केली?"

गाडीवाला आण्णांकडे बघायला लागला. आण्णा खिडकीकडे. शेवटी म्हणाले, "सायब, घरातलीच गोष्ट हाय. मिटवू की."

आई त्यांच्याकडे वळली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तिनं तो सावरला नाही.

"भावजी, ह्यो तुमचा पावणा," ती म्हणाली. "मग मी कोण?"