ते आंघोळीला गेलेत

दर बुधवारी दुपारी साडेतीनला आई आत्याला फोन लावते. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. गाडीने दोन दिवस लागतील इतक्या लांब राहते, त्यामुळे येणं-जाणं नाहीच, जे काय ते फोनवर. आई शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर बसते, चष्मा कपाळावर सरकवते आणि सुरू होते. नळ गळायचा थांबला. समोरच्यांनी जिन्याला रंग दिला, तोही लाल. हिला यंदाही पगारवाढ नाही. 'हिला' म्हणजे मला. आईच्या लेखी कुठलीच बातमी लहान नसते. जिन्याखालच्या मांजरीच्या बाळंतपणावर तिने वीस मिनिटं काढलेली मी या कानांनी ऐकली आहेत.

खरी बातमी मात्र ती देत नव्हती. बाबांना विसर पडायला लागून दोन वर्षं झाली होती. आधी शब्द गेले, मग रस्ते, आता माणसंही जायला लागली होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं, तो कागद आईने बटणांच्या डब्यात तळाला घातला. आत्याने "त्याला दे की जरा फोन" म्हटलं की आई जराही न अडखळता सांगायची, "ते आंघोळीला गेलेत, वन्सं." कधी डोळा लागलेला असायचा, कधी केस कापायला गेलेले असायचे, पण बहुतेक वेळा आंघोळच.

"अगं, दुपारी साडेतीनला कोण आंघोळ करतं?" मी एकदा विचारलं.

"उकडत होतं त्यांना," आई म्हणाली. त्या दिवशी आम्ही दोघी स्वेटर घालून बसलो होतो.

लग्नाआधी आत्या म्हणाली होती, "ही मुलगी आपल्या घरात टिकायची नाही." ते कुणीतरी आईच्या कानावर घातलं. तेव्हापासून अडतीस वर्षं आई दर बुधवारी परीक्षेला बसते आहे. बाबांचं कळलं तर आत्या म्हणणार, 'एक माणूस तुला सांभाळता आलं नाही?' आत्या असं कधी बोलली नव्हती. ते वाक्य आईनेच मनाशी जुळवून ठेवलं होतं आणि त्याच वाक्याला ती घाबरून होती. मला तिच्या या भित्रेपणाचा मनस्वी राग यायचा.

त्या बुधवारी मी घरीच होते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि ते बुधवारी बंद असतं. मी आत पडद्यांना इस्त्री करत होते, बाहेर आईचं चाललं होतं. "आणि वन्सं, आमच्याकडे हल्ली रोज चार वाजले की किल्लीचा पुकारा. किल्ली कुठे, किल्ली कुणी नेली! शेवटी मी ती पिठाच्या डब्यात लपवायला लागले." मग थोडं थांबून, "हे ना? हे आंघोळीला गेलेत."

मी सहज न्हाणीघराकडे पाहिलं. दार सताड उघडं, आत कुणी नाही. बाबा त्यांच्या खोलीतही नव्हते. बाहेरचं दार किलकिलं होतं. पँटची चेन बदलून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तेवढ्यात गेलं होतं आणि फोनच्या घाईत आई कडी लावायची विसरली होती. बाबांच्या चपला जागेवर होत्या, पण बूट नव्हते.

मी हातानेच खूण केली. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तरी फोनवर ती म्हणते काय, "बरं वन्सं, ठेवते, दूध उतू जातंय." तिला धरून गदागदा हलवावं असं मला वाटलं.

आईने पिठाच्या डब्यातून किल्ली काढली, कुलूप घातलं आणि आम्ही धावलो. बागेतले बाक पाहिले. बाबांनी तीस वर्षं ज्या छापखान्यात कागद कापले त्याच्या फाटकाशी जाऊन आलो. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "गेले की इकडून. काका कुठे निघालात विचारलं, तर म्हणाले, उशीर झालाय." तो ज्या दिशेला हात दाखवत होता तिकडे मोठा रस्ता होता आणि त्यावरून ट्रक चालले होते.

चौकीत हवालदाराने विचारलं, "अंगात काय होतं?" अख्ख्या गल्लीची मापं जिला तोंडपाठ, तिला नवऱ्याच्या अंगातला शर्ट आठवेना. आई नुसती कॉलर कॉलर म्हणत राहिली.

बाहेर पायरीवर आल्यावर मी म्हणाले, "आत्याला फोन लाव."

"त्या तिथून काय करणार?"

"बाबांच्या डोक्यात आता जुनंच काय ते उरलंय. आणि ते जुनं आत्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"आणि सांगू काय? आंघोळीतून हरवले?"

दोघींनाही हसू आलं नाही. पावणेपाच वाजले होते. आईने फोन स्पीकरवर लावला आणि एका दमात बोलून टाकलं. "वन्सं, मी दोन वर्षं खोटं बोलतेय. यांना काही आठवत नाही. आज मी तुमच्याशी बोलत बसले आणि हे दारातून निघून गेले. सापडत नाहीयेत."

आई डोळे मिटून त्या एका वाक्याची वाट पाहत होती.

"चारला किल्लीचा पुकारा असतो म्हणालीस," आत्या म्हणाली. "तोच मागतो ना?"

"हो."

"किल्ली माझ्या गळ्यात असायची. आमची आई कामावर, घराला कुलूप. त्याची शाळा आधी सुटायची, माझी पाचला. मग तो माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा. तिथे मुलींची शाळा आहे का जवळ?"

होती. मोठ्या रस्त्यापलीकडे. आम्ही पोचलो तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. फाटकाशी घोळका जमला होता आणि रखवालदाराने बाबांचा दंड धरला होता. "तासभर उभा आहे हा म्हातारा. येईल त्या मुलीचं तोंड न्याहाळतोय," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी हातही उगारला होता.

एरवी गिऱ्हाइकाशीही हळू बोलणारी माझी आई त्या घोळक्यात घुसली. "हात काढा! माझा नवरा आहे तो! आजारी आहे!" दोन वर्षं लपवलेलं तिने भर रस्त्यात ओरडून सांगितलं. रखवालदाराने हात सोडला, पण बाबा तिच्याकडे बघून मागे सरकले. त्यांच्या मागे फुटपाथ संपत होता.

"मी नाही येणार. ताई आल्याशिवाय मी कुणाबरोबर जात नाही."

फोन अजून चालूच होता. आईने तो हात लांब करून पुढे धरला.

"ताई? कुठे आहेस? सगळ्या सुटल्या."

आत्या दटावल्यासारखं बोलली, "मला बाईंनी थांबवून घेतलंय. तू पुढे हो."

"आणि किल्ली?"

"तिच्याकडे दिलीय. तुझ्यासमोर आहे ना, तिच्याकडे."

आईने मूठ उघडली. किल्ली मघापासून हातातच होती, तळव्यावर तिचे दात उमटले होते.

"ही कोण?" बाबांनी विचारलं.

"आपलीच आहे ती," आत्या म्हणाली. "आपल्या घरची. तिचा हात सोडू नकोस."

बाबांनी किल्ली निरखून पाहिली आणि मग आईचा हात धरला. आम्ही रस्ता ओलांडला. मग फोनमधून आत्याचा आवाज आला. "घरी पोचेपर्यंत ठेवू नकोस. बोलत राहा."

"काय बोलू, वन्सं?"

"काहीही. नळाचं सांग."

आई नळाचं सांगू लागली आणि सांगता सांगता रडू लागली. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी आत्याने विचारलं, "तो कुठाय?"

"इथेच आहेत, वन्सं," आई म्हणाली. "माझा हात धरून चाललेत."