मंदाताईंना सांगायचं राहिलं

काल दवाखान्याबाहेर एक बाई दहा-बारा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मुलीचे पाय बाईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. मला आमच्या इमारतीतल्या मंदाताई आठवल्या.

त्यांच्या जुईला चालता येत नसे. तिला उचलून त्या आमच्या दारावरून तीन जिने चढायच्या. मी समाजकल्याण खात्यात कारकून होतो. अशा मुलांच्या अनुदानाचे, चाकांच्या खुर्चीचे अर्ज माझ्याच टेबलावरून जायचे. पण मंदाताईंपाशी मी कधी विषय काढला नाही. त्यांना माहीत असेलच, असं वाटे. शिवाय, विचारलं तर त्यांना लागेल, असंही वाटे. समोरच्याला लागू नये म्हणून आपण गप्प राहतो आणि त्यालाच चांगुलपणा समजतो.

जुईला एकोणिसावं लागलं तेव्हा त्यांनीच जिन्यात थांबून विचारलं, "भाऊ, अशा मुलांसाठी सरकारचं काही असतं का हो?"

"एक योजना आहे," मी म्हणालो. "पण अर्ज अठराच्या आत करावा लागतो."

त्यांनी जुईला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"असू दे. तुम्हाला आधी कळलं असतं, तर तुम्ही सांगितलंच असतं की."

मी होकारार्थी मान हलवली.