पाण्यावरची मालगाडी

मालगाडी पाण्यावरून जाते, यावर अख्ख्या नाशिकरोडमध्ये एकाच माणसाचा विश्वास होता आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडं राहायचा. रेल्वेत शंटर. इथल्या यार्डात एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला जाणाऱ्या कोळशाचे डबे पुढंमागं करायचा. त्याआधी म्हणे अकरा वर्षं दूर पूर्वेकडच्या कुठल्याशा आडबाजूच्या नदीबंदरावर होता. तिथं पूल नव्हता. म्हणून मालगाडीचे डबे सुटे करायचे, रूळ ठोकलेल्या लोखंडी बार्जवर, म्हणजे सपाट बोटीवर, चढवायचे आणि पलीकडच्या काठाला उतरवायचे. "एक डबा डावीकडं, एक उजवीकडं. दोन एका बाजूला गेले की संपलंच, भाऊसाहेब!" हे तो नुसतं सांगत नसे, करून दाखवी. परातीत पाणी, पाण्यावर ताटली, ताटलीवर काड्यापेट्या. आमच्या घरच्या किती काड्यापेट्या या गृहस्थानं भिजवल्या, देव जाणे. मी त्याला तोंडावर थापाड्या म्हणायचो. तो हसायचा आणि दुसरी काड्यापेटी मागायचा.

डावंउजवं त्याच्या हाडात गेलं होतं. बाजारातून एका पिशवीत कांदे आणले, तर दुसऱ्या हातातल्या पिशवीत वीट. पंगतीत वाढायचं सोडून हा पाहुणे हलवत बसायचा. एकदा टांग्यात चढताना त्यानं आमच्या हिला सगळ्यांदेखत सांगितलं, "वहिनी, तुम्ही उजवीकडं या, तिकडं वजन कमी पडतंय." ही महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. त्याचं त्याला काही नाही!

पण एकदा हे प्रकरण अंगाशी आलं. त्याच्या मुलीला बघायला नामपूरची मंडळी आली होती. चहा व्हायच्या आत यानं परात मांडली. मंडळी उठली ती उठलीच. मागून निरोप आला, "पोर चांगली शे, पन बाप लई थापा मारस."

पुढं कळवणचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, बाप हेडमास्तर आणि खोट्याची भारी चीड असलेला. मुलगा तिच्या मनात भरला होता, हे आमच्या हिच्याकडून मला कळलं होतं. ते बघायला येणार त्या सकाळी मुलगी बापाला म्हणाली, "अण्णा, माझ्यासाठी एवढं करा. आज ते बंदर काढू नका."

शेजारी म्हणून मीही बसलो होतो. जयभीम झाला, पोहे झाले. चार जाडजूड पाहुणे खाटेच्या एकाच टोकाला बसले होते. याचे हात नुसते वळवळत होते, पण त्यानं कुणाला हलवलं नाही. मग हेडमास्तरांनी सहज विचारलं, "आपली सगळी नोकरी इथंच झाली का?"

मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "इथंच. दुसरीकडं कुठं गेलोच नाही."

लग्न ठरलं. पाहुणे गेल्यावर मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "काय शंटरसाहेब, जिंकलात की!"

"अकरा वर्षं, भाऊसाहेब," तो एवढंच म्हणाला आणि कपबश्या गोळा करायला लागला.

मला माझीच लाज वाटली. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून मी खोटं ऐकलं ते त्या दिवशीच.

लेक सुखात नांदली. त्यानं मात्र त्या बंदराचं नाव पुन्हा काढलं नाही. मी आपणहून विषय काढायचो, तर म्हणायचा, "जाऊ द्या हो, तिथं आता पूल झाला असेल." आणि मला तर आत्ता कुठं ते सगळं पहिल्यापासून ऐकायचं होतं.