उपशाआधीची बाटली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझं सगळं तिला ठाऊक आहे, असं ती चारचौघांत म्हणते, तेव्हा मी मान डोलावतो. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते मलाही नीटसं कळलेलं नाही.

मी पाणी तपासणारा माणूस. केळझरकडच्या रस्त्याला एका पेट्रोलपंपाची जमिनीतली टाकी गळली आणि पेट्रोल खडकाच्या भेगांतून शेजारच्या बोअरमध्ये उतरलं. बोअर वच्छलाकाकूंची. साठीच्या काकू वर्षभर लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत होत्या.

उपाय मीच सुचवला होता. पेट्रोलला जमिनीतल्या जमिनीत जाळून संपवणारं औषध बोअरमधून खाली सोडायचं. होती ती नुसती चाचणी, पण मी मात्र ‘झालंच समजा’ असं सांगत सगळीकडे मिरवत होतो. स्वतःच्या हुशारीवर फारच खूश होतो तेव्हा.

औषध सोडलं, काही आठवडे थांबलो, मग नमुना घ्यायला गेलो. नमुन्याची एक रीत असते. बोअरमध्ये साचलेलं पाणी आधी उपसून टाकायचं. त्यात औषध मुरलेलं असतं, ते चांगलं निघणारच. खडकातून नव्याने येतं ते खरं पाणी. हे मी नव्या माणसांना कितीदा शिकवलं आहे!

त्या सकाळी उपसायच्या आधीच मी एक बाटली भरून ठेवली — उगाच, तुलनेला असावी म्हणून. मग मोटर लावली. अर्ध्या तासाने ओंजळ धरली, आणि — वास. हलका, पण तोच, पेट्रोलचा. यात न समजण्यासारखं काय होतं?

मला समजलं होतं. तरी मी ती पहिली बाटली तपासणीला पाठवली आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘उपसा केल्यानंतर’. साहेबांचा दबाव नव्हता, कुणी पैसे दिले नव्हते. मला फक्त चुकलेला दिसायचं नव्हतं.

अहवाल अर्थातच चांगला आला. काकूंनी तो कागद देवाजवळ ठेवला आणि त्याच पाण्याचा चहा टाकला. मी चहा सोडलाय, असं मी म्हणालो. परतताना टपरीवर दोन कप प्यायलो.

तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. “दादा, पाण्याले पुन्हा वास येऊन राह्यला. घरचे म्हणतात, मायाच नाकाले भरम झाला. काऊन येत असन?”

तेव्हा तरी बोलायचं ना? मी म्हणालो, “काकू, कागद साफ आहे. वहम असन तुमचा.”

मग घरात त्यांची थट्टाच सुरू झाली, हे मला नंतर कळलं. भाजी करपली म्हटलं तरी सून हसायची — आईच्या नाकाचं काही खरं नाही. हळूहळू काकूंनी बोलणं सोडलं. गावात नळ येईतोवर, दोन वर्षं, ते घर तेच पाणी प्यायलं.

मागच्या वर्षी त्यांना सावंगीला दवाखान्यात पाहायला गेलो. रक्ताचा आजार होता. पाण्यामुळे झाला का, मला माहीत नाही. कुणी डॉक्टरांना विचारलंही नाही. विचारा असं सांगू शकणारा तिथे मी एकटाच होतो, आणि मी सफरचंदं घेऊन गेलो होतो.

काकूंनी माझा हात धरला. त्यांचा हात काडीसारखा झाला होता. “दादा, तू एवढी मेहनत केली, न् मी वास-वास करत बसली. तुयावर उगाच शक घेतला. मनात नको ठेवजो.”

मी काय म्हणालो असेन?

“नाई ठेवत, काकू.”

त्यांचा चेहरा हलका झाला. मी त्यांना माफ केलं होतं — मी, त्यांना. आठवड्याने त्या गेल्या.

त्यांचं नाक बरोबर होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.