चेहऱ्याशिवाय माणूस

आज पेणच्या बाजारात अबोलीचे गजरे दिसले आणि आई आठवली.

बारा वर्षांपूर्वी आमच्या फोटो क्लबने महिन्याचा विषय दिला होता, 'चेहऱ्याशिवाय माणूस'. मी आईला एवढंच म्हटलं, "उद्या तुझा फोटो काढतो." ती जन्मभर मिठागरात राबलेली. तिचा एकटीचा फोटो कुणी कधी हौसेने काढलाच नव्हता. सकाळी मी कॅमेरा घेऊन अंगणात आलो, तर ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून, अबोलीचा गजरा माळून खुर्चीत ताठ बसली होती.

मी खाली बसलो आणि कॅमेरा तिच्या पावलांवर धरला. मिठाने चिरलेल्या टाचांवर कोवळं ऊन पडलं होतं. तिने घाईने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"पाय कशाला रं घेतोस? ते काय चांगले नायत."

"विषयच तसा हाय, आई. तोंड नाय चालत."

मग "बरं, घे," म्हणून तिने स्वतःच पाय पुढे केले.

त्या फोटोला रोह्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला. टाचेवरची भेग न् भेग किती स्पष्ट आलीय, असं सगळे म्हणत होते.

वर्षभरात आई गेली. भिंतीवर लावायला तिच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणावा लागला. त्यात ती धड ओळखूही येत नाही. त्या सकाळी ती माझ्यासमोर नटून बसली होती, आणि कॅमेरा जरासा वर उचलायचं मला सुचलं नाही.