आराखड्यातला बकरा

ॲन्टोनेटवर मी कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. एक तर असं लिहितात ते गेलेल्या माणसांवर, आणि ती चांगली धडधाकट आहे, आणि दुसरं म्हणजे तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण दर मंगळवारी ती आमच्या कॉलेजात येते, माझ्यासमोर बसून चहा पिते, आणि तिच्याबद्दल लोक जे बोलतात ते अर्धवट असतं. अर्धवट बोलणाऱ्यांचा मला पहिल्यापासून संताप येतो.

ती माझगावची, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांतली. घरात त्यांची जुनी मराठी, शाळेत इंग्रजी, ऑफिसात सरकारी मराठी आणि भांडायला हिंदी. मी लालबागची. काळाचौकीच्या नाइट कॉलेजात आम्ही दोघी एका बाकावर बसून बी.ए. झालो. तेव्हा दिवसा ती सरकारी ऑफिसात टायपिस्ट होती आणि मी साड्यांच्या दुकानात. पुढे मी त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले आणि ती खात्याच्या परीक्षा देत देत वर चढली. शेवटची काही वर्षं ती एका नियोजन कक्षात होती. राज्यातल्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत पुढच्या पाच वर्षांत संगणक, इंटरनेट, ऑनलाइन परीक्षा हे सगळं कुठे आणि कसं यायचं, त्याचा आराखडा लिहायचा हे तिचं काम.

असे आराखडे ऑफिसात बसून लिहिणारे पुष्कळ असतात. ॲन्टोनेट कॉलेजात जायची. प्राचार्यांच्या केबिनमधला चहा झाला की उठून थेट संगणकांच्या खोलीत विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसायची आणि म्हणायची, चला, आता मला परीक्षेचा फॉर्म भरू द्या. मग कुठे नेट नसायचं, कुठे पासवर्ड ठाऊक असलेले सर रजेवर असायचे. एका ठिकाणी नवेकोरे संगणक खोक्यांतच होते, कारण खोलीचं छत गळत होतं आणि गळकं छत दुरुस्त करणं दुसऱ्या खात्याकडे होतं. परत आली की मला फोन करून हे सगळं सांगायची, निम्मं हसत आणि निम्मं शिव्या देत. तिचं म्हणणं एकच होतं. यंत्रं घ्यायला सगळे तयार, ती सांभाळायला माणूस नेमायला कोणी तयार नाही. चार-पाच कॉलेजांमागे एक कायमचा तंत्रज्ञ मिळाला तरी पुरे, यासाठी ती वर्षानुवर्षं अडून बसली होती.

आता बकऱ्याबद्दल सांगते. ही त्यांच्या कक्षातली जुनी रीत. आराखडा वर गेला की साहेब त्यातलं काहीतरी कापणारच. नाही कापलं तर साहेबांनी वाचलं असं कोणाला वाटणार? म्हणून लिहिणाऱ्यानं आपणहून एक कलम कापण्यासाठीच घालायचं. दिसायला भारदस्त, पण कोणी मंजूर करणार नाही असं. साहेब ते कापतात, त्यांचं समाधान होतं आणि खरी कामं वाचतात. त्या कलमाला ते बकरा म्हणत. ही विद्या ॲन्टोनेटला तिच्या पहिल्या साहेबांनी दिली होती, आणि बकरा निवडण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे.

शेवटच्या आराखड्यात तिनं बकरा म्हणून नाइट कॉलेजं घातली. त्यांचे नवे प्रवेश थांबवावेत, संगणकांच्या खोल्या बंद कराव्यात आणि विद्यार्थ्यांना एका मध्यवर्ती ऑनलाइन केंद्राला जोडून द्यावं. आजवरच्या प्रत्येक साहेबाला गिरणगावातल्या नाइट कॉलेजांबद्दल थोडा तरी जिव्हाळा होता, आणि नसला तरी इथल्या पुढाऱ्यांची धास्ती होती. हे कलम पहिल्या वाचनातच उडणार याबद्दल तिला शंका नव्हती. बकरा खरा वाटला पाहिजे, म्हणून तिनं तो मन लावून लिहिला.

नेमके त्याच वेळी नवे साहेब आले. अवधूत त्यांचं नाव. वय कमी, हुशार, बाहेरून आलेले, आणि कागदावर जे लिहिलंय तेच खरं मानणारे. त्यांनी आराखडा पहिल्या पानापासून वाचला, जे आजवर कोणी केलं नव्हतं. मुंबईतल्या कॉलेजांचे तंत्रज्ञ कापले, जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे ठेवले. नाइट कॉलेजांच्या कलमावर शेरा मारला, उत्तम सूचना, याच वर्षी अंमल करावा.

त्या संध्याकाळी ॲन्टोनेट आमच्या स्टाफरूममध्ये आली आणि तिनं मला हे सगळं सांगितलं. तोवर मला काहीच माहीत नव्हतं. माझा तोल सुटला. कॉलेज काय तुझ्या बापाचं होतं का, इथपासून सुरुवात करून मी तिला बरंच काही बोलले. शेवटी मीच थकले.

"आमचंच कॉलेज मिळालं का गो तुला?" मी विचारलं.

"त्याला कोणी हात लावणार नाही, एवढीच मला खात्री होती," ती म्हणाली. "दुसऱ्या कशाची नव्हती."

मी तिला आरोहीबद्दल सांगितलं. आरोही तेव्हा माझी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. पहाटे भायखळ्याच्या भाजी मार्केटात एका व्यापाऱ्याचा हिशेब लिहायला जाते, दुपारी कॉटन ग्रीनला घरी येते. घर म्हणजे एक खोली, माणसं पाच, आणि नेट असलेला फोन भावाचा. ती कॉलेजला येते ते शिकायला तर येतेच, पण टेबल, दिवा आणि कोणी हाक मारणार नाही असे दोन तास मिळतात म्हणूनही येते. तिला मध्यवर्ती केंद्राला जोडायचं म्हणजे नक्की कशाला जोडायचं? ॲन्टोनेट म्हणाली, मला माहीत आहे. आणि तिला माहीत होतंच. आम्ही दोघी त्याच दोन तासांसाठी तिथे गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली आणि बकऱ्याची रीत तिनं त्यांना सरळ सांगून टाकली. अवधूत साहेब चिडले नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "मॅडम, हे कलम खोटं असेल, तर बाकीचा आराखडा खरा कशावरून?"

  तो माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तिला सांगितलं की हेच लेखी द्या, म्हणजे मी पूर्ण आराखडा परत घेतो. पूर्ण म्हणजे जिल्ह्यांतल्या तंत्रज्ञांसकट. लेखी दिलं नाही तर तंत्रज्ञ मिळणार होते आणि नाइट कॉलेजं जाणार होती.

तो आठवडा तिनं कसा काढला हे मला ठाऊक आहे, कारण मी तिच्याशी बोलत नव्हते तरी तिच्या बहिणीशी बोलत होते. घरात बाटली मसाल्याच्या, म्हणजे वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवायच्या त्यांच्या मसाल्याच्या, मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि ही त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. रविवारी चर्चमधून, मिस्साहून आली आणि तशीच लिहायला बसली. सोमवारी लेखी दिलं. ते कॉलेजच्या प्रेमापोटी दिलं, की माझ्या तोंडाला घाबरून, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

आराखडा परत आला. नवा आराखडा करायचं काम एका खाजगी सल्लागार कंपनीला गेलं. दरम्यान ॲन्टोनेट निवृत्त झाली. शाल, नारळ आणि भाषणं झाली, आणि आराखड्याचं नाव कोणीही काढलं नाही. मी मात्र तिला पुन्हा फोन केला. कॉलेज वाचलं होतं, राग थोडा निवला होता.

मग दादरच्या एका सभागृहात त्या कंपनीनं बैठक बोलावली. नव्या आराखड्यावर प्राध्यापकांची मतं घ्यायची होती. मी तिला आग्रहानं बरोबर नेलं. कंपनीचा विहंग नावाचा तरुण बोलत होता, अगदी नम्रपणे, पडद्यावर एकेक मुद्दा दाखवत. तंत्रज्ञ कुठेच नव्हते, त्यांच्या जागी एक हेल्पलाइन होती. मग पडद्यावर वाक्य आलं, 'संध्याकाळच्या विद्यार्थ्याची मूळ गरज वर्गखोली नसून जोडणी आहे.' ॲन्टोनेटनं माझं मनगट घट्ट धरलं. वाक्य तिचं होतं. पुढचा परिच्छेदही तिचाच. जुन्या फायलीत जे सगळ्यांत नीट मांडलेलं होतं, ते त्यांनी जसंच्या तसं उचललं होतं.

ती उठून उभी राहिली. "हा अभ्यास नाही," ती म्हणाली. "हे मी माझ्या स्वयंपाकघरात बसून रचलंय."

विहंगनं लॅपटॉपवर पाहिलं आणि सांगितलं, की हा मुद्दा खात्याच्या स्वतःच्या कागदपत्रांतून आलेला आहे, तरीही मॅडमची हरकत आम्ही नोंदवू. हरकत नोंदवलीही. छापील आराखड्यात शेवटच्या परिशिष्टात ती आहे, नाव चुकीचं छापलंय. अवधूत साहेबांची तोवर बदली झाली होती, त्यामुळे तिनं लेखी काय दिलं होतं हे विचारायलाही कोणी उरलं नव्हतं. इथल्या पुढाऱ्यांना आम्ही निवेदन दिलं. त्यांनी आमच्याबरोबर फोटो काढला.

या जूनपासून आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाचे प्रवेश नाहीत. आहेत ते विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले की दार बंद. तंत्रज्ञ ना आम्हाला मिळाले, ना जिल्ह्यांना. आपल्याकडे हे असंच चालायचं, म्हणून मान हलवणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. असंच चालत नसतं. कोणीतरी मन लावून लिहितं, कोणीतरी न विचारता उचलतं, तेव्हा चालतं.

आणि मंगळवारी ॲन्टोनेट येते. बिनपगारी. संगणकांच्या खोलीत बसून वायरी तपासते, अडलेलं सुरू करते, मुलांना ऑनलाइन फॉर्म भरायला शिकवते. मी तिला ये म्हणाले नव्हते आणि येऊ नको असंही म्हटलेलं नाही.

गेल्या मंगळवारी हिशेब संध्याकाळपर्यंत लांबला म्हणून आरोही मार्केटातून थेट आली होती. कीबोर्डवर हात ठेवून तिनं मला विचारलं, "मॅडम, आमच्या मागे कोणीच नाही येणार आता. हे बंद केलं कोणी?"

मी शासनाचं धोरण वगैरे काहीतरी सांगायला लागले. ॲन्टोनेट टेबलाखाली वाकून प्लग बसवत होती. तिथूनच ती म्हणाली, "मी."

आरोहीला वाटलं, बाई गंमत करताहेत. ती हसली, आणि स्क्रीन सुरू झाल्यावर फॉर्म भरायला लागली.