बॅगांची राखण

प्रवासाला कपडे किती न्यावेत हे मी आता कुणालाही सांगू शकतो. न विचारता सांगतो, अशी घरच्यांची तक्रार आहे. पण ही विद्या मला उशिरा आली, आणि ती येईपर्यंतचा भुर्दंड बायकोला बसला.

दोन वर्षांपूर्वी मी, बायको आणि कॉलेजातली लेक असे तिघं उत्तरेकडं बर्फ बघायला गेलो. बर्फाची हौस मूळ बायकोची. बॅगा चार, त्यातल्या अडीच माझ्या. कोल्हापुरात मास्तरकी करतो, त्यामुळं कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट हाच माझा धर्म. आठ दिवसांना आठ शर्ट, आणि घडी मोडू नये म्हणून प्रत्येकात पुठ्ठा. डोंगरावर जायच्या, तारेवरून चालणाऱ्या पाळण्यापाशी पोचलो, तर तिथला माणूस म्हणाला, एवढं सामान वर नेता येणार नाही. सामान ठेवायची खोली बंद होती. म्हणजे कुणीतरी खाली बसायला हवं होतं. आमच्या घरात ‘कुणीतरी’ म्हटलं की बायको उठते. ती बॅगांवर हात ठेवून बाकावर बसली. आम्ही बापलेक वर जाऊन आलो, आणि परतलो तो त्या दिवसाचा शेवटचा पाळणा होता.

बर्फात कडक शर्ट घालून काढलेला माझा फोटो मी तिला दाखवला. तिनं तो नीट बघितला आणि म्हणाली, “चांगला आलाय. बॅगा बघून घ्या, चारी हायत न्हवं?”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या बायकोला काय सांगायचं ते मला पाठ आहे.

म्हणून यंदा आम्ही दोघांनीच पुन्हा बर्फाला जायचं ठरवलं तेव्हा मी जाहीर केलं, की प्रत्येकाच्या पाठीवर मावेल तेवढंच सामान न्यायचं. राखणीला कुणी बसणार नाही. लेकीनं फोनवरून कपडे गुंडाळायला शिकवलं. अळुवडीसारखं गुंडाळायचं म्हटल्यावर मला ते लगेच जमलं. रंग तीनच ठेवले, राखाडी, निळा आणि मरून, म्हणजे कुठलंही वर आणि कुठलंही खाली चालतं. मला दोन पँटी, तीन शर्ट. बायकोला दोन पंजाबी ड्रेस आणि मुठीत मावणारी एक सिंथेटिक साडी. दोघांना आतून घालायचे गरम कपडे आणि एकेक जाकीट. सगळं कॉटवर मांडलं तेव्हा ती म्हणाली, सहलीला निघालोय की शाळेच्या गणवेशाचं वाटप आहे?

मी हटलो नाही. पावसाळ्यात एका रविवारी नव्या पँटी घेऊन गगनबावड्याला गेलो, भिजवल्या आणि एका चहाच्या टपरीत दोरीवर टाकल्या. चौथ्या चहापर्यंत त्या वाळल्या. गगनबावड्यात जे कापड वाळतं ते जगात कुठंही वाळतं, या मतावर मी ठाम आहे. पुढच्या रविवारी पाठीवरच्या दोन्ही पिशव्या भरून आम्ही जोतिबाचा डोंगर पायी चढलो. वर एका दुकानदारानं आमच्या पाठी बघून विचारलं, “पावणं, मुक्कामाला आलासा काय?” बायको दमली नव्हती. मी दमलो होतो, पण तो कपड्यांचा दोष नव्हता.

एक कबुली राहिली. निघायच्या सकाळी मी माझ्या पिशवीच्या तळाशी एक कडक पांढरा शर्ट सरकवला. पुठ्ठ्यासकट.

पाच दिवस सगळं झकास चाललं. रात्री धुवायचं, सकाळी घालायचं. डोंगराच्या पायथ्याच्या गावात बायकोचा मामेभाऊ राहतो. आमच्याकडची बरीच माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, त्यातला हा एक. पाळण्याला जायच्या आदल्या दिवशी त्याच्याकडं उतरलो. इथं माझा सगळा हिशेब चुकला. कापड, रंग, वजन, सगळ्याचा विचार केला होता. आहेराचा केला नव्हता. पाळण्यावरून आम्ही परस्पर पुढच्या गावी जाणार होतो, म्हणून सकाळी निघतानाच त्यानं आम्हाला पाटावर बसवलं. तिला काठापदराची जाड साडी, मला पँटपीस, शर्टपीस, टॉवेल, टोपी, वर नारळ. शिवाय हे सगळं भरायला एक मोठी पिशवी.

मी म्हटलं, जागा नाही. त्याचा चेहरा पडला.

“दाजी, किती वर्सांनी आक्का दारात आली. मोकळी पाठवू व्हय?”

बायकोनं त्या मोठ्या पिशवीकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “न्हेऊ की. मी बसते खाली पिशवीपाशी. बर्फ काय, फोटोत बघितलाय मी.”

आता माझ्यापुढं एकच वाट होती. मी माझ्या पाठीवरच्या पिशवीच्या तळातून पांढरा शर्ट काढला, पुठ्ठ्यासकट, तिच्या देखत, आणि मेहुण्याच्या हातात दिला. म्हटलं, आहेर घेतो, पण परतीचा आहेर घ्यावा लागेल. त्याला इतका आनंद झाला की त्यानं तो तिथंच चढवला. पोटावरची तीन बटणं लागली नाहीत. शर्टाच्या जागेत दोन्ही पीस आरामात बसले. नारळ त्यांच्याच देवापुढं फोडून सगळ्यांनी खाल्ला. जाड साडी बायकोनं गरम कपड्यांवरून नेसली. टॉवेल मी गळ्याला गुंडाळला आणि टोपी डोक्यावर घातली. मोठी पिशवी रिकामी राहिली, ती मेहुण्याच्या बायकोला परत दिली.

“आणि मला म्हणत हुता, जास्तीचा रुमाल घेऊ नको,” बायको जीपमध्ये म्हणाली. मी टोपी कपाळावर ओढली.

पाळण्याच्या माणसानं आमच्या पाठीकडं एकदा बघितलं आणि दार उघडलं.

वर उतरल्यावर ती दहा पावलं चालली आणि थबकली. मागं वळून तिनं जमिनीवर इकडंतिकडं बघितलं, दोन्ही हात बाजूला चाचपडले.

“बॅगा?”

“पाठीवर हायत की.”

तिनं खांद्यावरचा पट्टा धरून बघितला. मग साडीचा ओचा वर खोचला आणि बर्फात निघाली. माझ्या पुढं निघाली, बराच वेळ मागं बघितलं नाही.

फोटो या वेळी तिनं काढला. त्यात टॉवेल-टोपीतला एक माणूस बर्फात उभा आहे, एखाद्या लग्नाच्या मांडवातून वाट चुकून आल्यासारखा. कसा आलाय म्हणून विचारलं.

“चांगला आलाय,” ती म्हणाली, आणि बॅगांचं काही न विचारता पुढं चालू लागली.